सूर वाचायला शिकवणारे गावचे मेस्त्र

१९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ आला आणि त्यातल्या एका गाण्यामुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव घराघरांत गेलं. गाणं गमतीचं, पडद्यावर अमिताभ; त्यामुळे नावही कुणाला तरी सहज सुचलं असेल, असंच पुष्कळांना वाटतं. पण ते खऱ्या माणसाचं नाव आहे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतल्या प्यारेलालजींचे ते व्हायोलिनचे गुरू. शिष्याने गुरूला केलेला एवढा जाहीर नमस्कार आपल्या सिनेमात क्वचितच सापडेल.

पुण्यातल्या वारज्यात मी मुलांना व्हायोलिन शिकवते. म्हणून या गुरूबद्दल मला विशेष ओढ वाटते. त्यांची गोष्ट सांगायची, तर ती वडिलांपासून सांगावी लागते. दक्षिण गोव्यातल्या माजोर्डा गावी १९२७ साली त्यांचा जन्म झाला. वडील जोसे आंतोनियो गोन्साल्विस गावच्या चर्चमधल्या गायकवृंदाचे प्रमुख होते. अशा माणसाला गोव्यात ‘मेस्त्र’ म्हणत.

पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चना जोडून शाळा असत. तिथे मुलांना धर्मशिक्षण मिळे, आणि जोडीला सूर वाचण्याचे धडे, म्हणजे सोल्फ. समोर पाच रेघांचा कागद, हाताने ताल, तोंडाने ‘दो रे मी’. कागदावरचा सूर न अडखळता म्हणता येऊ लागला, की मग हातात व्हायोलिन. रविवारच्या मिस्साला गायकवृंद उभा करायचा, सणाला वाद्यवृंद बसवायचा आणि उरलेल्या दिवशी पोरांना घडवायचं, हे मेस्त्रचं आयुष्य. त्यांतले काही जण संगीत रचतही असत. दक्षिण गोव्यातल्या साष्टी भागात ईस्टरआधीच्या उपवासकाळात गायली जाणारी ‘मोतेत’ ही लॅटिन गीतं अशाच स्थानिक मेस्त्रांच्या हातची आहेत. आजही ती व्हायोलिन आणि क्लॅरिनेटच्या साथीने गायली जातात.

युरोपात ही परंपरा जुनी आहे. पॅरिसच्या सेंट क्लोटिल्ड चर्चमध्ये सेझार फ्रांक १८९० साली मृत्यू येईपर्यंत ऑर्गन वाजवत राहिले. १८७२ पासून ते पॅरिसच्याच संगीत महाविद्यालयात शिकवत होते आणि रचनाही करत होते. चर्चमधलं वादन, अध्यापन आणि रचना ही तिन्ही कामं एकाच माणसाकडे. गोव्यातल्या मेस्त्रच्या मागे फ्रांकसारखा मानमरातब नव्हता, पण कामाची घडण तीच होती.

गोव्यात मात्र एवढ्या वादकांना पोटभर काम नव्हतं. पिढ्यान् पिढ्या ते मुंबईला गेले. पोलिस बँड, हॉटेलं, मूकपटांची थिएटरं, पुढे स्टुडिओ. अँथनीही १९४३ साली, सोळाव्या वर्षी मुंबईत आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले.

या मंडळींची गरज का होती, हे आज समजावून सांगावं लागतं. संगीतकार पेटीवर चाल बांधायचा. तीस-चाळीस वादकांनी नेमकं काय वाजवायचं, ते मात्र कुणीतरी कागदावर उतरवावं लागे: पहिली व्हायोलिनं वर, चेलो खाली, ट्रंपेट कुठल्या मात्रेवर उठणार. गायक-वादक एकत्र बसून एका दमात गाणं मुद्रित होई. एक जण चुकला, की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी कागद समोर येताच अचूक वाजवणारा माणूस हवा. तो लहानपणीच मेस्त्रच्या हाताखालून गेलेला असे. शंकर-जयकिशनबरोबर सेबास्टियन डिसूझा, आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर चिक चॉकलेट, असे किती तरी गोवेकर. पडद्यावरच्या नामावलीत त्यांची नावं फारशी येत नसत.

अँथनी गोन्साल्विस याहून पुढे गेले. त्यांना भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणायचे होते. हे किती अवघड आहे, ते घरच्या पेटीवर करून पाहा. सा, ग, प एकत्र दाबले, की पाश्चात्त्य हार्मनीचा पहिला पाया तयार होतो. आता वृंदावनी सारंग घ्या. त्यात ग आणि ध वर्ज्य. तो पाया घातला, की गांधार आला आणि सारंग गेला! मग प, शुद्ध नी आणि वरचा रे एकत्र दाबा. नंतर कोमल नी, रे आणि म. दोन्ही मेळ रागाच्या स्वरांतलेच आहेत आणि कानाला भरीवही लागतात. राग न मोडता हार्मनी बांधायची, तर अशी एकेक वाट शोधावी लागते. अँथनींनी सारंगात कॉन्चेर्टो लिहिला, ‘सोनातिना इंडियाना’ लिहिली. १९५८ साली त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात या रचना सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते.

१९६५ मध्ये सिराक्यूज विद्यापीठाच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेला गेले आणि मुंबईच्या स्टुडिओंपासून कायमचे दुरावले. पुढे माजोर्ड्याला परतून शांतपणे राहिले. समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, म्हणून निदान त्यांचा चेहरा आणि आवाज आपल्याकडे उरला. १८ जानेवारी २०१२ रोजी ते गेले.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो गावचा वर्ग. माजोर्ड्यासारख्या खेड्यातला मुलगा मुंबईत येऊन कॉन्चेर्टो लिहितो, कारण वाचायला शिकण्याच्या वयातच त्याला सूरही वाचता येऊ लागले होते. आपल्याकडे कानाने शिकण्याची परंपरा श्रेष्ठ आहे, तिच्यातच मी वाढले. पण शाळेतला संगीताचा तास स्नेहसंमेलनासाठी एखादं गाणं पाठ करून घेण्यापुरता उरतो, याचं मला वाईट वाटतं. पंडित भातखंड्यांनी स्वरलिपी दिली, पलुसकरांनीही दिली. आठवीतल्या किती मुलांना त्यातली एक ओळ वाचून गाता येते?

माझ्या वर्गातही नव्या मुलाचे पालक लवकरच विचारतात, “मॅडम, गाणं कधी वाजवणार?” मी त्यांना वही दाखवते. त्यात मुलाने स्वतः ऐकून लिहिलेली चार स्वरांची ओळ असते. ती ओळ न ऐकलेल्या दुसऱ्या मुलाला तो वाचायला देतो आणि दुसरा ती बिनचूक वाजवतो. मग पालकांना वेगळं समजावावं लागत नाही. प्रत्येक शाळेत, मग ती महापालिकेची असो वा झेडपीची, एवढं शिकवणारा एक शिक्षक असायला हवा. वाद्यं नंतर आणता येतील. सुरुवातीला खडू, फळा आणि सुरात म्हणणारा मास्तर पुरतो.