डोंगर खालीं कसा येतो

सह्याद्रीचा कडा आम्हांस अचल भासतो. परंतु त्याच्या कणाकणास पृथ्वी अहोरात्र खालीं ओढीत असते. उतारावरची माती केवळ घर्षणाच्या व आपल्या चिकटपणाच्या बळावर टिकते. काळा पाषाण उन्हापावसानें कुजून मुरूम होतो. त्यांत पाणी मुरलें म्हणजे भार वाढतो, आणि कणांमधील पाण्याच्या दाबानें घर्षण घटतें. मग उतार सुटतो. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांवावर असाच डोंगर कोसळला; दीडशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. अशी माती ओढे वाहून नेतात, दगड पायथ्याशीं राहतात, कडा मागें सरतो. लक्षावधि वर्षें हेंच चाललें आहे. वर्गांत आम्ही बजावून सांगतों कीं, पावसाळ्यांत उतारावर नवी भेग पडली, झाडें कललीं किंवा झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें, तर घरच्यांस घेऊन तेथून त्वरित निघावें.