गंजाला मुदतवाढ

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्यातले अवर्षणप्रवण तालुके. पाऊस मोजका, तोही लहरी. तेव्हा कोकणातल्या गाडीला चार पावसाळ्यांत जो गंज धरतो तो इकडे धरायला नको, असं कुणालाही वाटेल. पण आमच्याकडची एखादी जुनी फियाट जॅकवर उचलून पाहावी. वरून साखरपुड्याला निघालेली आणि खालून चाळण!

याचं कारण आभाळात नाही, डिकीत आहे. इथला बागायतदार कारखान्याच्या सभेला मोटारीतून जातो आणि येताना त्याच मोटारीत पोटॅशचं पोतं टाकून आणतो. हे पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आपल्या मिठाचा सख्खा चुलतभाऊ. पोत्यातून सांडलेले दाणे डिकीच्या कोपऱ्यात जाऊन बसतात, हवेतला ओलावा ओढून घेतात आणि पत्र्याच्या सांध्यात मुरतात. त्यात नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातली मीठ फुटलेली माती मडगार्डच्या आत लिंपलेली, आणि गाडी धुवायची ती बोअरच्या मचूळ पाण्यानं. लोखंड, पाणी आणि हवा एवढं गंजाला पुरतं. क्षार मिळाले की तो धावत सुटतो.

बँकेतल्या नोकरीत या दोन्ही तालुक्यांत माझी वर्षं गेली. त्या काळातले इंदापूरकडचे एक स्नेही मध्यंतरी भेटले. त्यांच्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. नातवाला ती चालवायची आहे. हातात एक बाटली. म्हणाले, "साहेब, हे लावलं की गंजाचं परत लोखंड होतं म्हणं."

तसं काही होत नाही. या बाटलीतल्या द्रवाला गंज-रूपांतरक म्हणायला हरकत नाही, आणि त्याचं काम नावाप्रमाणेच, म्हणजे रूपांतराचं. त्यात साधारणपणे फॉस्फोरिक आम्ल असतं किंवा टॅनिक आम्ल, कधी दोन्ही. फॉस्फोरिक आम्ल गंजाचं लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं, आणि हा थर पत्र्याला चिकटून राहतो. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षं उघड्यावर का टिकला, याचा शोध घेताना आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम अशाच फॉस्फेटच्या थरापर्यंत पोचले. त्या लोखंडात मुळातच फॉस्फरस भरपूर आहे.

टॅनिक आम्लाची ओळख तर घराघरांत आहे. केसांना लावायची मेंदी आवळ्याची पूड घालून रात्रभर लोखंडी कढईत भिजवली की सकाळी काळी का होते? आवळ्यातलं टॅनिन आणि कढईचं लोह यांचं लग्न लागतं, म्हणून. हिराकस आणि हिरडा यांच्यापासून पूर्वी शाई करत, तीही याच रीतीनं. आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी जो हिरडा गोळा करतात तो टॅनिनचं कोठारच. बाटलीतला द्रव लावल्यावर तांबडा गंज निळसर काळा पडतो तो यामुळे. परदेशी लेबल पाहून हरखून जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

बँकवाल्याला 'रूपांतर' हा शब्द नवा नाही. २००३ च्या दुष्काळात अल्पमुदतीच्या पीककर्जांचं मध्यम मुदतीत रूपांतर करताना आम्ही हाच शब्द लिहीत होतो. गेलेलं पीक त्यानं परत येत नसे. शेतकऱ्याला उसंत मिळे एवढंच. पत्र्याचंही तसंच आहे. जितकं लोखंड गंजानं खाल्लं तितकं गेलं. पुढचं खाणं मंदावतं, तेही खाली निरोगी पत्रा शिल्लक असेल तर. आणि जिथं ब्रश पोचतो तिथंच.

खरी मेख इथं आहे. जीपला खाली स्वतंत्र चासी असते. फियाटला ती नाही. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. दाराखालचा पोकळ पट्टा गाडीचा भार पेलतो, आणि तो आतून गंजतो. बाहेर रंग शाबूत, आत भुगा. बारामतीतल्या पत्र्याच्या मिस्त्रींनी आमच्या स्नेह्यांच्या गाडीचा तो पट्टा स्क्रू-ड्रायव्हरनं नुसता टोचला. स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. मिस्त्री काही बोलले नाहीत, स्नेह्यांकडे पाहत राहिले. अशा जागी बाटली ओतणं म्हणजे कर्जदार परागंदा झाल्यावर कागदपत्रांचं नूतनीकरण करणं. तिथं सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा, दुसरा इलाज नाही. भोकांवर लांबी भरून, खालून काळा रंग फासून गाडी विकायला काढणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्या गाडीत कुणाची तरी लेकरं बसणार असतात, याचं त्यांना काही नसतं.

गंज वरवरचा असेल तिथं मात्र बाटली गुणाची. सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशनं खरवडावे, तेल-ग्रीस आणि माती धुवावी, पत्रा वाळू द्यावा. स्वच्छ चकचकीत पत्र्यावर टॅनिनवाला द्रव लावून उपयोग नाही, त्याला धरायला गंजच लागतो. काळा थर नीट वाळला की वर रेड ऑक्साइड आणि मग ऑइल पेंट. नुसता काळा थर पावसात टिकत नाही. गंमत अशी, की रेड ऑक्साइडमधला तांबडा रंग हा लोहाचा ऑक्साइडच, म्हणजे गंजाचाच शहाणा भाऊ. हातमोजे आणि चष्मा हवाच. उरलेलं आम्ल थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून कोनाड्यात ठेवण्याची आपल्याकडची खोड तर कटाक्षानं टाळावी, घरात नातवंडं असतात.

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी नवी करावी लागते. स्नेह्यांच्या फियाटची ती पाळी आता आली आहे. डावीकडचा पट्टा मिस्त्रींनी कापून नवा बसवला. डिकीचा तळ आणि मडगार्डच्या आतल्या बाजू बाटलीवर भागल्या. पोटॅश आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येतं. उरलेला द्रव त्यांनी गोठ्याच्या गजांना लावून टाकला. उजवी बाजू मिस्त्रींनी अजून टोचून पाहिलेली नाही. "उसाचं बिल आलं की बघू," म्हणतात. तोवर नातवाला किल्ली द्यायची नाही, एवढं मात्र मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे.