दिवाळीला घडीचं शुभेच्छापत्र घरीच करा; शरद ऋतू म्हणजे आपल्याकडे पिकलेलं भात

मासवण, वार्ताहर : कोजागिरी झाली की दिवाळीला पंधरवडा उरतो. बाजारातल्या शरद ऋतूच्या कार्डावर लाल-पिवळी पानं झडताना दिसतात. ती थंड मुलखातली. आपल्याकडे साग झडतो तो थंडी सरताना. सूर्या नदीकाठी शरद म्हणजे पिवळं झालेलं भात, खळं आणि तारपा. मग कार्डावर तेच यायला हवं.

ए-फोर मापाचा जाड कार्डशीट मधोमध कापला की दोन कार्डं होतात. घडी घातल्यावर प्रत्येक कार्ड साधारण १०.५ बाय १४.८ सेंटीमीटरचं. कागद आधी दोन्ही बाजूंनी हलका वाकवून पाहा. ज्या बाजूने तो सहज वाकतो त्याच दिशेने घडी घाला, नाहीतर कड फाटते. थेट दुमडू नका. पट्टी धरून संपलेल्या रिफिलने रेघ दाबून ओढा आणि ती खोलगट रेघ बाहेर राहील अशी घडी घाला. बहुतेकांचं कार्ड इथेच बिघडतं.

कार्ड पुन्हा उघडून पुढच्या पानावर गेरूचा पातळ हात द्या. त्यात थोडा गोंद हवा, नाहीतर हाताला लाल लागतं. पाणी जास्त झालं तर कागद वाकतो, म्हणून सुकत आल्यावर वह्यांच्या दडपणाखाली ठेवा. भिंतीवर तांदळाचं पीठ चालतं, पण हातोहात फिरणाऱ्या कार्डावरून ते झडतं. इथे पांढरा पोस्टर कलर बरा. काडी मात्र बांबूचीच, टोक चेचून घेतलेली. दोन त्रिकोण जोडले की माणूस, वर गोल डोकं. तारपावाल्याभोवती नाचणाऱ्यांची रांग गोलात फिरवा. चित्र घडीपासून बोटभर लांब ठेवा.

भाताची अख्खी लोंबी चिकटवायचा मोह होतो. पण तिने कार्ड मिटत नाही, शिवाय उंदीर येतो. त्यापेक्षा पेंढ्याची काडी अर्धा तास भिजवा, नखाने चिरा, सपाट दाबून सुकवा आणि बारीक तुकडे चिकटवा. सोनेरी चमक येते.

एक गोष्ट पाळावी. लग्नाचा देवचौक आणि पालघट देवी कार्डावर काढू नये. तो विधी आहे, सजावट नाही. पूर्वी ही चित्रं सवाशिणी लग्नघरात काढत. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी विधीबाहेरचं रोजचं जगणं कागदावर आणलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला २०१४ पासून भौगोलिक मानांकनही आहे. त्यामुळे बोईसरला विकायला नेणार असाल तर छापील नक्षी चिकटवून हातची म्हणून देऊ नका.

दिवाळीनंतर अनेक पाड्यांवरची कुटुंबं वीटभट्टीवर जातात, मुलंही सोबत निघतात. वर्गातल्या अशा मित्राला कार्ड द्यायचं असेल तर ते सुट्टी लागण्याआधीच तयार ठेवा. आतलं पान कोरं सोडा, तिथे सगळ्या वर्गाची नावं मावतात.