शेजाऱ्याने वाट अडवली तर? अमेरिकेतील सामायिक रस्त्याचे वाद आणि कायदा

अमेरिकेत घर घेताना मराठी कुटुंब शाळांची गुणवत्ता पाहते, कार्यालयापासूनचे अंतर पाहते, गॅरेजमध्ये किती गाड्या मावतील तेही पाहते. परंतु सार्वजनिक रस्त्यापासून त्या गॅरेजपर्यंत जाणारा पट्टा कोणाच्या नावावर आहे, हे मात्र क्वचितच विचारले जाते. आखीव वसाहतींत तो प्रश्न सहसा उद्भवत नाही. डोंगरउतारावरील घरे, दुसऱ्या घराच्या मागे असलेले झेंड्याच्या आकाराचे भूखंड आणि जुन्या वस्त्यांतील दोन घरांमधला एकच ड्राइव्हवे यांची गोष्ट निराळी. तेथे आपल्या दारापर्यंतची वाट शेजाऱ्याच्या जमिनीवरून जाते. ती वर्षानुवर्षे विनातक्रार वापरली जाते, आणि मग एके दिवशी तिच्यावर बोटीचा ट्रेलर उभा राहतो, कुंपणाचे खांब रोवले जातात किंवा फाटकाला कुलूप लागते.

दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्या-येण्याच्या अशा हक्काला कायद्यात 'ईझमेंट' म्हणतात. महाराष्ट्रात आपण त्याला वहिवाटीचा हक्क किंवा सुविधाधिकार म्हणतो, आणि शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणांमुळे ही कल्पना मराठी माणसाला मुळीच परकी नाही. भारताचा सुविधाधिकार कायदा १८८२चा. तोही इंग्लंडच्या कायद्यातूनच आलेला. फरक आहे तो यंत्रणेत. महाराष्ट्रात शेताची वाट अडवली गेली, तर १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली शेतकरी सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागू शकतो, आणि अडथळा दूर करण्याचा आदेश तेथूनच निघू शकतो. अमेरिकेत तहसीलदार नाही. शहराचे किंवा काउंटीचे कार्यालय बहुधा 'हा खासगी वाद आहे' असे सांगून मोकळे होते. पोलिसांना बोलावले, तर तेही बहुतेक वेळा हेच उत्तर देतात. हक्क ठरवण्याचे काम राज्याच्या दिवाणी न्यायालयाचे, आणि नियम प्रत्येक राज्याचे वेगळे.

म्हणून पहिला प्रश्न एकच: हा हक्क आला कोठून? सर्वांत भक्कम हक्क लेखी आणि काउंटीच्या दप्तरात नोंदलेला. मूळ मालकाने जमिनीचे तुकडे पाडून विकताना खरेदीखतात किंवा नकाशात पट्ट्याची रुंदी आणि उपयोग लिहून ठेवलेला असतो, आणि घर कितीदाही विकले गेले तरी तो हक्क जमिनीबरोबर पुढे जातो. सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' या रकान्याची येथे आठवण व्हावी. लेखी नोंद नसली तरी हक्क नसतोच असे नाही. एकाच मालकाने जमीन विभागून विकली आणि मागच्या तुकड्याला दुसरी वाटच उरली नाही, तर न्यायालय निकडीचा हक्क मानते. तिसरा प्रकार दीर्घ वापराचा. परवानगी न घेता, उघडपणे आणि सातत्याने ठरावीक वर्षे वाट वापरली, तर ती वापरणाऱ्याची होते. ही मुदत कॅलिफोर्नियात ५ वर्षे, टेक्सासमध्ये १० वर्षे, इलिनॉयमध्ये २० वर्षे आहे. भारतीय कायद्यातही खासगी जमिनीबाबत ती २० वर्षांचीच आहे.

यात एक गंमत आहे, आणि ती आपल्या शेजारधर्माच्या अगदी उलट जाते. 'वापरा हो, त्यात काय विचारायचे' असे म्हणून शेजाऱ्याने मनापासून दिलेली परवानगी हीच दीर्घ वापराच्या हक्काच्या आड येते. परवानगीने केलेला वापर कितीही वर्षे चालला, तरी त्यातून सहसा हक्क उपजत नाही. परवानगी देणारा ती काढूनही घेऊ शकतो. म्हणूनच कॅलिफोर्नियाच्या नागरी संहितेच्या कलम १००८नुसार जमीनमालक एक पाटी लावू शकतो: येथून जाणे मालकाच्या परवानगीने आणि त्याच्या नियंत्रणाखाली आहे. ही पाटी पाहून येणारा-जाणारा तिला सौजन्य समजतो. वकील मात्र तिच्यात मालकाने घातलेला बांध पाहतो.

दीर्घ वापराचा हक्क किती महागात पडू शकतो, हे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४मधील एका निकालावरून दिसते. 'वॉर्सॉ विरुद्ध शिकागो मेटॅलिक सीलिंग्ज' या खटल्यातील दोन्ही पक्षांनी लगतचे भूखंड १९७२मध्ये एकाच मालकाकडून घेतले होते. एकाने मोठी व्यापारी इमारत बांधली आणि बाजूने ४० फुटांचा ड्राइव्हवे ठेवला. तो मोठ्या ट्रकांना वळण्यासाठी अपुरा पडला. ट्रक शेजारच्या मोकळ्या जमिनीवरून वळू लागले, आणि हे सात वर्षे चालले. १९७९मध्ये शेजारच्या कंपनीने तेथे गोदाम बांधायला घेतले, मातीचा भराव टाकला आणि वाट बंद झाली. प्रकरण न्यायालयात असतानाच गोदाम उभे राहिले. निकाल लागला तो असा: ट्रकांचा हक्क सिद्ध झाला आहे, तेव्हा गोदामाचा आड येणारा भाग कंपनीने स्वखर्चाने हटवावा, आणि ज्यांना हा हक्क मिळाला, त्यांनी त्यासाठी एक पैसाही मोजायचा नाही. खटला चालू असताना बांधकाम रेटणे हा जुगार आहे, हे त्या कंपनीला फार उशिरा समजले असावे.

मात्र हक्क आहे म्हणून तो हवा तसा ताणता येत नाही. वॉशिंग्टन राज्याचा 'ब्राउन विरुद्ध व्हॉस' हा १९८६चा निकाल अमेरिकेत कायद्याच्या वर्गांत आजही शिकवला जातो. १९५२मध्ये एका भूखंडाला शेजारच्या जमिनीवरून वाटेचा लेखी हक्क मिळाला होता. १९७७मध्ये एका दाम्पत्याने तो भूखंड आणि त्याला लागून असलेला आणखी एक भूखंड घेतला, आणि दोन्हींच्या सीमेवर एकच घर बांधायचे ठरवले. काम सुरू होऊन ११,००० डॉलरांहून अधिक खर्च झाला, तेव्हा वाटेच्या मालकांनी हरकत घेतली आणि वाटेत ओंडके, काँक्रीटची टाकी आणि तारेचे कुंपण आणून ठेवले. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. एका भूखंडासाठी दिलेली वाट दुसऱ्या भूखंडासाठी वापरणे हा हक्काचा गैरवापरच होय. परंतु येथे वाटेवरचा बोजा वाढलेला नाही, मालकांचे म्हणण्यासारखे नुकसान नाही, उलट बंदी घातल्यास घर बांधणाऱ्यांचे मोठे नुकसान होईल. म्हणून मनाई हुकूम नाही. तत्त्वात एक पक्ष जिंकला, व्यवहारात दुसरा. जमीन घेतल्यापासून निकालापर्यंत मध्ये नऊ वर्षे गेली. शेजारची जागा विकत घेऊन त्याच ड्राइव्हवेवरून दुसरे घर उठवण्याचा विचार करणाऱ्याने पहिले वाक्य विसरू नये.

प्रत्यक्ष वाट अडली की काय करावे? स्वतः कुंपण उपटणे किंवा ट्रेलर ओढून नेणे हा मोह सर्वांत धोकादायक. मालमत्तेच्या नुकसानीचा उलट दावा त्यातूनच उभा राहतो. आधी काउंटी रेकॉर्डरकडून दोन्ही घरांची खरेदीखते आणि नकाशे काढावेत. घर घेताना काढलेली टायटल विम्याची पॉलिसीही पाहावी. मालकाच्या प्रचलित पॉलिसीत जमिनीपर्यंत जाण्याचा कायदेशीर हक्क नसणे ही जोखीम साधारणपणे धरलेली असते, पण नोंद नसलेल्या वाटा अनेकदा अपवादांच्या यादीत टाकलेल्या असतात. मग परवानाधारक सर्वेक्षकाकडून पट्टा मोजून घ्यावा. पुष्कळदा दोन्ही घरांची समजूत चुकीची निघते आणि खरी रेषा तिसरीकडेच असते. अडथळ्याची छायाचित्रे तारखेसह ठेवावीत आणि शेजाऱ्याला लेखी, सौम्य पत्र द्यावे. फाटक असणे म्हणजे नेहमीच अडवणूक असे नाही; लेखात मनाई नसेल, कारण रास्त असेल आणि किल्ली किंवा कोड दिला असेल, तर न्यायालये ते पुष्कळदा चालवून घेतात.

पत्राने भागले नाही, तर मध्यस्थी. कॅलिफोर्नियात १९८६च्या कायद्यानुसार काउंट्या न्यायालयीन शुल्काचा काही भाग स्थानिक मध्यस्थी केंद्रांना देऊ शकतात, आणि तेथे शेजाऱ्यांचे वाद अल्प खर्चात ऐकले जातात. ही पायरी टाळू नये, कारण पुढची फार उंच आहे. अमेरिकेत सर्वसाधारण नियम असा की जिंकणाराही आपल्या वकिलाची फी स्वतःच भरतो. करारात किंवा कायद्यात वेगळी तरतूद असेल तरच ती हरणाऱ्यावर पडते. हक्क जाहीर करून घेण्याचा दावा आणि अडथळा काढण्यासाठी मनाई हुकूम हे उपाय आहेत, खटला संपेपर्यंतचा तात्पुरता हुकूमही मागता येतो, परंतु ड्राइव्हवेच्या किमतीपेक्षा खटला महाग पडणे हे येथे नवलाचे नाही. दुसरीकडे, गप्प बसणेही घातक. लेखी हक्क केवळ न वापरल्याने सहसा संपत नाही, पण शेजाऱ्याचे कुंपण मुदतभर तसेच उभे राहू दिले, तर तो बुडू शकतो.

एक बाब मात्र निव्वळ खासगी नाही. अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेनुसार अग्निशमनाच्या गाड्यांसाठी ठेवलेला रस्ता किमान २० फूट रुंद आणि १३ फूट ६ इंच उंचीपर्यंत मोकळा असावा लागतो. अडवलेली वाट अशा रस्त्यात मोडत असेल, तर 'हा तुमचा आपसातला प्रश्न' असे अग्निशमन खात्याला म्हणता येत नाही, आणि फायर मार्शलची एक भेट कधीकधी वकिलाच्या तीन पत्रांहून अधिक काम करते. ज्या घरात वृद्ध आई-वडील भारतातून येऊन राहिले आहेत, तेथे रुग्णवाहिका दारापर्यंत पोहोचेल का, हा प्रश्न जमिनीच्या कोणत्याही दाव्याहून तातडीचा असतो.

भांडणाचे मूळ बरेचदा खड्ड्यांत आणि बर्फात असते: डांबराचा खर्च कोण करणार, बर्फ कोण काढणार. कॅलिफोर्नियाच्या नागरी संहितेचे कलम ८४५ सांगते की करार नसेल, तर खासगी वाटेच्या देखभालीचा खर्च ज्याच्या-त्याच्या वापराच्या प्रमाणात वाटून घ्यावा. पण प्रमाण ठरवण्यावरूनच भांडण होते. म्हणून समेट झालाच, तर खर्चाची वाटणी, गाड्या उभ्या करण्याची मनाई आणि फाटकाचे नियम एका करारात लिहून तो काउंटीत नोंदवून घ्यावा. नोंद नसलेला करार पुढच्या खरेदीदाराला बांधेलच, याची हमी नसते. तो खरेदीदार कागदपत्रे पाहणारच आहे. कॅलिफोर्नियात घर विकणाऱ्याला जो माहिती-नमुना भरून द्यावा लागतो, त्यात सामायिक भिंती, कुंपणे आणि ड्राइव्हवे यांचा, तसेच ईझमेंटचा रकाना स्वतंत्रपणे विचारलेला असतो.