लिनक्सचे गेटवे यंत्र

दोन नेटवर्कांच्या मधे ठेवलेले लिनक्स यंत्र आपोआप गेटवे होत नाही. दुसऱ्यासाठी आलेले पॅकेट कर्नल मूळ स्थितीत टाकून देतो. ‘आयपी फॉरवर्ड’ या सेटिंगची किंमत 0 वरून 1 केली की तो ते पुढे पाठवू लागतो. हा बदल सर्वांत आधी करावा, कारण त्यामुळे आयपीव्ही4ची इतर काही सेटिंगे मूळ किमतींवर परत जातात. आयपीव्ही6साठी वेगळे सेटिंग असते. ते चालू करताच यंत्र शेजारच्या राउटरच्या घोषणा स्वीकारणे थांबवते. इंटरनेटचा मार्ग त्या घोषणांतून मिळत असेल, तर ‘अ‍ॅक्सेप्ट आरए’ हे सेटिंग 2 ठेवावे लागते.

‘आरपी फिल्टर’ हे सेटिंग खोट्या पत्त्याची पॅकेट अडवते. दोन इंटरनेट जोडण्या असल्यास मात्र कडक पद्धत (1) खरी पॅकेटही अडवू शकते. तिथे सैल पद्धत (2) योग्य.

कर्नल ठेवत असलेला जोडण्यांच्या नोंदींचा तक्ता भरला की नव्या जोडण्या होत नाहीत. स्थिर टीसीपी जोडणीची नोंद मुळात 4,32,000 सेकंद, म्हणजे पाच दिवस टिकते. गर्दीच्या गेटवेवर ही मुदत कमी करणेच शहाणपणाचे.

‘सिस्सीटीएल’ आज्ञेने केलेले हे सेटिंगांचे बदल यंत्र पुन्हा सुरू होताच पुसले जातात. म्हणून ते सिस्सीटीएलच्या फाइलमध्ये लिहून ठेवावेत.