कोणाच्या कातडीवर आखलेली मोजपट्टी?

तुमच्या रंगपेटीत एक फिकट गुलाबी खडू असतो. माणसाचे चित्र काढले की चेहरा रंगवायला बहुतेक मुले तोच उचलतात आणि 'स्किन कलर दे रे जरा' म्हणून एकमेकांकडे मागतातही. तो खडू आपल्या मनगटावर ठेवून पाहा. वर्गातल्या किती जणांच्या कातडीशी त्याचा रंग जुळतो?

अमेरिकेतील क्रेयोला या प्रसिद्ध खडूंच्या पेटीत अशाच एका खडूवर 'फ्लेश', म्हणजे अंगाचा रंग, असे नाव छापलेले असे. त्या देशात तेव्हा जवळजवळ दोन कोटी कृष्णवर्णीय राहत होते. तरी अंगाचा रंग म्हणजे गोऱ्यांच्या अंगाचा रंग, हे गृहीतच धरलेले होते. कृष्णवर्णीयांची नागरी हक्कांची चळवळ जोरात असताना, १९६२ साली, त्या खडूचे नाव बदलून 'पीच' करण्यात आले.

खडूचे नाव ही तशी क्षुल्लक गोष्ट. पण पेगी मॅकिन्टॉश या गोऱ्या अमेरिकन अध्यापिकेने १९८९ साली एका लेखात अशाच क्षुल्लक गोष्टींची यादी केली, आणि ती पुढे जगभर वाचली गेली. केवळ गोरे असल्यामुळे दिवसभरात आपल्याला कोणकोणत्या अडचणी येत नाहीत, ते तिने नोंदवले होते. जखमेवर लावायची 'अंगाच्या रंगाची' चिकटपट्टी आपल्या अंगाला बरीचशी जुळते, हाही त्यातला एक मुद्दा. हा गोरेपणाचा फायदा मोठा चमत्कारिक आहे. तो ज्याला मिळतो त्याला जाणवत नाही, कारण न आलेली अडचण दिसणार कशी?

आता खडू बाजूला ठेवून उपकरणांकडे वळू. उपकरणाला मन नसते, म्हणून ते पक्षपात करणार नाही, असे आपल्याला वाटते. पण उपकरण कोणावर तरी जुळवून घ्यावे लागते. पूर्वी रंगीत फोटो छापताना रंग बरोबर उतरले की नाही हे पाहण्यासाठी कोडॅक कंपनी छपाईच्या प्रयोगशाळांना एक नमुन्याचा फोटो देत असे. त्यात एक गोरी तरुणी असे. पहिल्या तरुणीच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. शर्लीची कातडी नीट दिसली की यंत्र बरोबर लागले! परिणाम असा, की वर्गाच्या एकत्र फोटोत गोरी मुले स्वच्छ दिसत आणि काळ्या मुलांचे नुसते डोळे आणि दात. लोर्ना रॉथ या कॅनडातील अभ्यासिकेने कोडॅकच्या जुन्या कर्मचाऱ्यांशी बोलून जे लिहिले ते वाचून हसावे की रडावे कळत नाही. फिल्ममध्ये तपकिरी छटा अधिक चांगल्या उतरल्या पाहिजेत, हा आग्रह धरणाऱ्यांत चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणारे कारखानदार होते. आपल्या मालाच्या छटा जाहिरातीत वेगवेगळ्या दिसत नाहीत, ही त्यांची तक्रार होती.

फोटो बिघडला तर हळहळ वाटते. ऑक्सिमीटर चुकला तर जीवावर बेतते. बोटाला चिमट्यासारखे लावायचे हे यंत्र कोविडच्या साथीत आपल्याकडे कित्येक घरांत आले. आकडा ९४ च्या खाली गेला की डॉक्टरांना गाठायचे, हे तेव्हा शाळकरी मुलांनाही पाठ झाले होते.

ते चालते कसे? अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर बोटे दाबून धरा. बोटे लालभडक दिसतील. लाल प्रकाश बोटातून आरपार जाऊ शकतो, हे यावरून कळते. ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकारचा प्रकाश पाठवतो, एक लाल (सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा) आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त (सुमारे ९४० नॅनोमीटरचा). प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश बराचसा जाऊ देते आणि अवरक्त अधिक शोषते. प्राणवायू नसलेल्याचे याच्या उलट. तेव्हा दोन्ही प्रकाश किती अडले याचे गुणोत्तर काढले, की रक्तातील प्राणवायूचा अंदाज येतो.

पण बोटात रक्ताशिवाय हाड, मांस आणि कातडीही असते. तीही प्रकाश अडवतात. यावर ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ च्या सुमारास सुंदर तोड काढली. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला रोहिणीतले रक्त किंचित वाढते व कमी होते, कातडी आणि हाड मात्र आहे तसेच राहते. मग प्रकाशातला फक्त कमी-जास्त होणारा भागच मोजायचा! न बदलणारे सगळे आपोआप वगळले जाते. या हिशेबाने कातडी काळी असो की गोरी, आकड्यात फरक पडायला नको.

तरीही तो पडतो. गुणोत्तरावरून प्राणवायूचा आकडा नुसत्या सूत्राने निघत नाही, त्यासाठी तक्ता लागतो. तो तयार करताना निरोगी स्वयंसेवकांना कमी प्राणवायूची हवा देतात, त्यांच्या रोहिणीतले रक्त काढून खरा आकडा तपासतात आणि तो यंत्राच्या गुणोत्तरासमोर मांडतात. हे स्वयंसेवक बहुतांशी उजळ कातडीचे होते. कातडीतले मेलॅनिन हे रंगद्रव्य लाल प्रकाश अवरक्तापेक्षा जास्त शोषते. शिवाय यंत्रातील दिव्याचा प्रकाश अगदी एकाच तरंगलांबीचा नसतो. त्यामुळे गडद कातडीतून पलीकडे पोचणारा प्रकाश क्षीण तर होतोच, पण थोडा बदललेलाही असतो, आणि गोऱ्या बोटांवर बनवलेला तक्ता त्याला पुरता लागू पडत नाही. बहुधा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. माणसाला प्राणवायू कमी पडत असतो आणि यंत्र सांगते, सर्व ठीक आहे.

अमल जुब्रान आणि मार्टिन टोबिन या डॉक्टरांनी १९९० सालीच अमेरिकेत हे दाखवून दिले होते. पुढे तीस वर्षे यंत्रे तशीच विकली गेली. मग साथ आली. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी यंत्राचे आकडे आणि त्याच सुमारास काढलेल्या रक्ताचे खरे आकडे यांच्या दहा हजारांहून अधिक जोड्या तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना खरा आकडा ८८ च्याही खाली, असे गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा आढळले. तिपटीहूनही थोडे जास्त! उपचार कोणाला द्यायचे हे या आकड्यावर ठरत असल्याने कृष्णवर्णीय रुग्णांची गरज उशिरा ओळखली गेली, असे २०२२ च्या एका अभ्यासात दिसून आले.

येथे एक बारकावा लक्षात ठेवा. मिशिगनच्या डॉक्टरांनी कातडीचा रंग मोजला नव्हता, रुग्णाच्या कागदावर लिहिलेला वंश घेतला होता. यंत्राला वंश कळत नाही, त्याला मेलॅनिन भेटते. एकाच वंशात कितीतरी छटा असतात. आपल्याच वर्गातली मनगटे शेजारी शेजारी ठेवली तर दुसरा पुरावा नको. म्हणजे ही गोष्ट आपल्याही बोटांची आहे.

म्हणून घरातला ऑक्सिमीटर फेकून द्यायचा काय? मुळीच नाही. बोट गार असले किंवा नखाला रंग असला तरीही तो चुकतो. एकाच आकड्यावर विसंबू नये, आकडा दिवसागणिक उतरतो आहे का ते पाहावे, आणि धाप लागत असेल तर आकडा चांगला असूनही डॉक्टरांकडे जावे.

या यंत्राचा जनक गोरा नव्हता, आणि ते बनवताना कोणी काळ्या माणसांचे वाईट चिंतले असेही नाही. तपासणीला कोणाची बोटे घ्यायची, एवढाच प्रश्न होता. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २०१३ साली त्याचे उत्तर असे दिले होते: निदान १० माणसे घ्यावीत, आणि त्यांत निदान २ गडद कातडीची असावीत. जानेवारी २०२५ मध्ये त्याच खात्याने नव्या सूचनांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात १० च्या जागी १५० किंवा अधिक माणसे सुचवली आहेत, आणि त्यांच्या कातडीची छटा नुसती डोळ्यांनी न ठरवता उपकरणानेही मोजावी असे म्हटले आहे.