भिजवलेलं धान्य: जिवंत आणि मेलेलं

परदेशात घरी बिअर करण्यासाठी तयार अर्काचा डबा मिळतो. काकवीसारखा दाट, तपकिरी अर्क. तो पाण्यात कालवायचा, यीस्ट घालायचं आणि वाट पाहायची. काही हौशी मंडळींना ही चव सपक वाटते. मग ते जवाचं, म्हणजे बार्लीचं, खमंग भाजलेलं माल्ट भरडतात, फडक्यात बांधून 65 ते 70 अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास बुडवतात आणि ते पाणी उकळून डब्यातल्या अर्कात मिसळतात. रंग येतो, खरपूस गोडी येते.

आपल्या राज्यात परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे आणि शाळेत तर त्याचा प्रश्नच नाही. पण इथे एक चांगला प्रश्न दडला आहे. माल्टऐवजी साधी भरडलेली ज्वारी फडक्यात बांधली तर?

पाणी गढूळ होईल, दुसरं फारसं काही नाही. यीस्टला साखर लागते. पिठूळ भागातला स्टार्च म्हणजे साखरेच्या हजारो रेणूंची साखळी, ती यीस्टला तोडता येत नाही. ती तोडणारं विकर, अमायलेज, दाणा उगवू लागला की भरपूर तयार होतं. जवाच्या दाण्यात अंकुर जिबरेलिन नावाच्या रसायनातून निरोप धाडतो आणि सालीखालचा पातळ थर अमायलेज बनवू लागतो. अंकुराला स्वतःच्या वाढीसाठी साखर हवी असते. माणूस मध्येच दाणा वाळवतो आणि ती शिदोरी पळवतो. असा मोड आणून वाळवलेला दाणा म्हणजे माल्ट.

नुसतं भिजवणं म्हणजे मोड आणणं नव्हे. कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो, पण पाण्यात बुडालेल्या दाण्याला पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून तो उगवत नाही आणि चीक घट्ट निघतो.

मंद आचेवर वाळवलेल्या माल्टमधलं विकर शाबूत राहतं. डब्यातला अर्क अशाच माल्टपासून कारखान्यात करतात. हौशी मंडळी फडक्यात बांधतात ते खमंग माल्ट मात्र मेलेलं असतं. त्यातली साखर आधीच तयार होऊन भाजली गेलेली असते, विकर उष्णतेनं निकामी झालेलं असतं. त्यातून रंग आणि चव उतरते, पण ते नव्या स्टार्चची साखर करू शकत नाही.

हा फरक पाहायला जव लागत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात, निम्न तेरणा धरणाजवळच्या माकणीसारख्या गावात ज्वारी घरोघर असते. आफ्रिकेच्या अनेक भागांत ज्वारीच्याच माल्टची पारंपरिक बिअर करतात, म्हणजे आपला दाणा या कामात मागे नाही. मूठभर ज्वारी बारा तास भिजवा, ओल्या फडक्यात दोन-तीन दिवस बांधून मोड आणा, उन्हात कडक वाळवा, मोड चोळून काढा आणि दळा. बुरशी दिसली तर सगळं फेकून द्या.

आता साध्या ज्वारीच्या पिठाची घट्ट पेज शिजवा. शंभर मिलिलिटर पाण्याला वीस ग्रॅम पीठ, चमचा उभा राहील अशी. ज्वारीचा स्टार्च सत्तर अंशांच्या आसपास फुलतो, म्हणून पेज आधी शिजवायलाच हवी. तीन वाट्यांत ती सारखी वाटा. पाच-सात मिनिटं निवू द्या, उकळत्या पेजेत विकर लगेच मरतं. पहिल्या वाटीत काहीच घालू नका. दुसरीत अर्धा चमचा मोडाचं पीठ ढवळा. तिसरीत तेवढंच पीठ, पण आधी थोड्या पाण्यात चांगलं उकळून. काही मिनिटांत दुसरी वाटी ओतता येईल इतकी पातळ होते, बाकीच्या दोन घट्टच राहतात. मुलांना वाट्यांचे क्रमांक न सांगता ओळखायला लावलं तर वर्गाला खरा रंग चढतो.

औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन पाण्यानं पातळ करून थेंबभर टाकलं, तर पातळ झालेली पेजही निळी होते! इथे मुलं गोंधळतात, आणि गोंधळलेलं बरं. साखळीचे मधले मोजके दुवे तुटले की दाटपणा कोसळतो, पण स्टार्च अजून शिल्लक असतो. तासाभरानं पुन्हा थेंब टाका. विकर जोरात असेल तर निळा रंग जांभळट किंवा तांबूस होत जातो.

या पातळ होण्याचा उपयोग बिअरपेक्षा फार मोठा आहे. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण 240 मिलिलिटर मावतं. बाळाला गिळता यावी म्हणून आई पेज पातळ करते. शंभर मिलिलिटरला पाच ग्रॅम पीठ असेल तर त्यात जेमतेम 17 किलोकॅलरी, म्हणजे आईच्या दुधाच्या पावपट. पोट भरतं, बाळ वाढत नाही. वीस ग्रॅम पिठाच्या पेजेत 70 किलोकॅलरी असतात, पण ती गिळवत नाही. चमचाभर जिवंत माल्ट हा पेच सोडवतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात यावर महत्त्वाचं काम केलं.

मात्र बाळासाठी ज्वारीचे मोड नकोत. कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात, ती त्यातल्या धुरिन या द्रव्यापासून सुटणाऱ्या हायड्रोसायनिक आम्लामुळे, आणि मोडांत ते भरपूर असतं. म्हणून वर्गातली ज्वारीची पेज कुणी चाखायची नाही. खाण्यासाठी गहू किंवा नाचणी घ्या, आणि मोडाचं पीठ घालून पेज पातळ झाली की ती पुन्हा उकळा, कारण मोड आणताना दाण्यावर जंतूही वाढतात.

नाचणीचं सत्त्व अनेक घरांत मोड आणूनच करतात. पण दळण्याआधी ते खरपूस भाजलं, तर विकर गेलं. चव राहते, पचायलाही ते वाईट नसतं, पण पेज पातळ करण्याचं काम ते करणार नाही. घरातल्या सत्त्वाचा अर्धा चमचा आणून चौथ्या वाटीत घाला.